कालिनिकोव्हची पहिली सिम्फनी

आज पुन्हा वासिली कालिनिकोव्हची जी मायनरमधली पहिली सिम्फनी ऐकली. चायकोव्हस्कीच्या थोर नावाआड हा माणूस झाकला गेला, याची हळहळ काही केल्या जात नाही.

ओरेल प्रांतातल्या एका पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. मॉस्कोत शिकताना पोटासाठी नाटकगृहांच्या वाद्यवृंदांत कधी व्हायोलिन, कधी टिंपनी वाजवायचा. तिशीच्या आतच क्षयाने गाठलं आणि क्रिमियात मुक्काम हलवावा लागला. सिम्फनी लिहिली ती याच दुखण्याच्या काळात, १८९४-९५मध्ये. १८९७मध्ये कीव्हला ती पहिल्यांदा वाजली.

मी अडकतो तो दुसऱ्या भागात. हार्प आणि व्हायोलिन दोनच स्वर घोळवत राहतात, तेच ते, अगदी हलके. मग त्यावर इंग्लिश हॉर्नची लांब, एकाकी सुरावट उमटते. इतक्या थोड्या सामग्रीतून एवढी मोठी रात्र उभी करायला केवढा संयम लागत असेल! आजारी माणसाच्या जागरणाचं संगीत आहे हे, असं मला दर वेळी वाटतं. पण त्यात कण्हणं नाही.

शेवटच्या भागात हीच सुरावट ब्रासच्या पूर्ण ताकदीनिशी परतते, जी मेजरच्या उजेडात. काहींना हा भाग भडक वाटतो. मला नाही वाटत. हा आनंद त्याने कमावलेला आहे.

पुढे रखमानिनोव्हने प्रकाशकाकडून त्याला पैसे मिळवून दिले. जानेवारी १९०१मध्ये याल्टात तो गेला, तेव्हा पस्तिसावा वाढदिवस जेमतेम काही दिवसांवर होता.