दिव्याची काच

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागांना पाणी केव्हा द्यायचे, हे पुष्कळदा बागाईतदार ठरवीत नाही, वीज ठरविते. आंबिया बहाराचा ताण तोडण्याच्या दिवसांत, ऐन जानेवारीत, थ्री फेजची पाळी रात्रीची आली की सातपुड्याच्या पायथ्याची थंडी अंगावर घेत माणसे पंप सुरू करायला निघतात. माझे वडीलही निघत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधण्यात त्यांची हयात गेली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीही २००९ साली घेतलेली आमची गाडी ते स्वतः चालवीत.

अशाच एका रात्री तुरीच्या कुटाराने भरलेली बंडी रस्त्याच्या कडेला उभी होती. बैल सोडलेले, मागे कंदील नाही, काही नाही. बाबांना ती दिसली तेव्हा अंतर उरलेच नव्हते. त्यांनी गाडी नालीत घातली. इजा कोणाला झाली नाही. डावीकडचा आरसा तेवढा गेला. दुसऱ्या दिवशी मी अमरावतीहून आलो, सगळे ऐकून घेतले आणि निदान करून मोकळा झालो : वय झाले, नजर गेली.

“मले दिसते रे,” ते म्हणाले, “पण रस्त्यावर उजेडच पडत नाही.”

मी ते वाक्य ऐकले, परंतु सबब म्हणून ऐकले. गाडीची किल्ली खिशात घालून परत गेलो. त्यानंतर बाबा शेजारच्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून बागेत जाऊ लागले. जन्मभर दुसऱ्यांना वाहून नेलेल्या माणसाला “मले नेतं का?” असे रोज विचारावे लागत होते. याविषयी ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

होळीला घरी आलो आणि एका कामासाठी वरूडला गेलो. परतताना रात्र झाली. गाव मागे पडले तसा मी घाबरलो. दिवे लागलेले होते, पण त्यांचा उजेड समोर जाण्याऐवजी गाडीच्या नाकापुढेच पिवळट धुक्यासारखा पसरत होता. एक सायकलस्वार मला पाच-सहा हातांवर आल्यावर दिसला. माझे वय तेव्हा त्रेचाळीस, आणि चष्माही नव्हता.

सकाळी दिवे नीट पाहिले. दोन्हींवर जुनाट, पिवळी साय धरल्यासारखी दिसत होती. ओल्या फडक्याने पुसली. ती तसूभरही हलली नाही. जुन्या ॲम्बॅसेडरच्या किंवा जीपच्या दिव्यांना खरी काच असे. दगड लागला तर ती फुटे, पण पिवळी पडत नसे. आताच्या दिव्यांचे आवरण पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचे असते. हे प्लास्टिक १९५३ मध्ये जर्मनी व अमेरिकेत स्वतंत्रपणे तयार झाले. अमेरिकेत मोटारींच्या दिव्यांना प्लास्टिकचे आवरण वापरण्याची मुभा १९८३ मध्ये मिळाली. हे प्लास्टिक हलके, चिवट आणि हव्या त्या आकारात ओतता येणारे. ऊन मात्र त्याला सोसत नाही. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ संरक्षक लेप देतात. उन्हातील अतिनील किरणांनी तो लेप वर्षानुवर्षे झिजतो, तडकतो आणि खालचे प्लास्टिक पिवळे पडू लागते. आमची गाडी वर्षानुवर्षे अंगणात, वऱ्हाडच्या उन्हात उभी. ही धूळ नव्हती, की पुसून जावी. त्या असंख्य सूक्ष्म तड्यांवर उजेड आपटून इकडेतिकडे विखुरत होता.

नव्या जोडीची किंमत ऐकून मी गप्प झालो. मग गाड्या रंगविणाऱ्या एका कारागिराने उपाय सांगितला : वॉटर पेपर, पाणी आणि धीर. ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे कागद मी आणले. दिव्याभोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावली, पाणी सोडीत ८०० नंबरने आडवे घासू लागलो. पिवळे पाणी ओघळले. ते पांढरे होऊ लागले की जुना लेप निघत आला असे समजायचे. पण पाणी पुसून पाहिले आणि पोटात गोळा आला : दिवा पूर्वीपेक्षाही आंधळा झाला होता, दुधी काचेसारखा.

बाबा ओट्यावरून पाहत होते. ते उठून आले आणि हजाराचा कागद त्यांनी हातात घेतला. “आता उभं घास. आधीची आडवी रेघ जाईस्तोवर पुढचा कागद घेऊ नको.” हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. ओरखडा त्याहून बारीक ओरखड्यानेच काढायचा, हे चाकूला धार लावणाऱ्या हाताला ठाऊक असावे. माझा हात जोर करी. त्यांचा नुसता फिरे. खुंटाची साल उघडताना आतल्या लाकडाला पाते लागू न देणारा तो हात होता. मध्येच म्हणाले, “कंदिलाची काच आम्ही रोज संध्याकाळी राखेनं पुसत होतो. याची कोणं पुसली?”

३००० नंबर झाल्यावर रबिंग कंपाउंड लावून मऊ फडक्याने घासले, आणि त्या दुधी पडद्यातून आतला बल्ब हळूहळू वर आला. शेवटी ऊन अडविणारा पारदर्शक लेप दिला. टूथपेस्टने दिवे चकचकीत करून देणारे हा शेवटचा भाग गाळतात. मग काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो, कारण घासताना उरलासुरला जुना लेपही निघून गेलेला असतो.

त्याच आठवड्यात बाबांचे डोळे तपासून आणले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, डाव्याने स्वच्छ दिसते, असे डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रियेची घाई नाही, मात्र सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचे. म्हणजे माझे निदान अगदीच खोटे नव्हते. ते मी न तपासता केले होते, आणि सोयीचे होते म्हणून केले होते.

रात्री लेप वाळल्यावर समोरच्या भिंतीवर उजेड पाडून पाहिला. बाबा म्हणाले, “डावा जरा वर हाय. समोरच्याच्या डोळ्यात जाईन.” पेचकस आणून त्यांनी तो खाली घेतला, आणि माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली.

मी शेजारी बसलो. बंडी उभी होती त्या जागी रस्ता मोकळा होता; तरी तिथे त्यांनी गाडी हळू केली, नालीकडे एकदा पाहिले आणि बागेच्या वाटेला वळविली.