वारा पडल्यावर

वादळ ओसरले की माणूस आधी वर बघतो. छप्पर जागेवर असेल तर घर आहे. नाहीतर चार भिंती आणि चिखल. श्रीवर्धनकडच्या आमच्या गावाने 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळात हे अनुभवले. म्हणूनच राज्यशास्त्राच्या अभ्यासासाठी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याची एक रूक्ष सरकारी योजना हाती आली, तेव्हा ती मी कादंबरीसारखी वाचून काढली.

1992 च्या ऑगस्टमध्ये ‘अँड्र्यू’ने तिथली 25 हजारांहून अधिक घरे जमीनदोस्त केली. पाहणीत आढळले की पुष्कळ छपरांच्या फळ्या खिळ्यांऐवजी पिनांनी ठोकल्या होत्या आणि कित्येक पिना वाशाला लागल्याच नव्हत्या! वारा छपराला नुसता ढकलत नाही, तो त्याला वर ओढतो. तिथे पिनांचा काय पाड?

2004 आणि 2005 ही वर्षे पुन्हा वादळांची गेली. तेव्हा 2006 मध्ये राज्याने 25 कोटी डॉलर काढले. घराची तपासणी फुकट. मग छप्पर भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी जखडायला, खिडक्यांना झडपा बसवायला अनुदान. खरी गंमत पुढेच आहे. 2005 च्या ऑक्टोबरनंतर थेट 2016 च्या सप्टेंबरपर्यंत त्या किनाऱ्यावर एकही हरिकेन आदळले नाही. आणि 2009 मध्ये योजना बंद पडली.

हसावे तरी कसे? आमचे बाबा पहिली दोन वर्षे दर मे महिन्यात शिडी लावून पत्र्यांचे आकडे तपासत. हल्ली आई आठवण करते, तर म्हणतात, “आता कुठले वादळ गं!”

सरांचे म्हणणे, शांत वर्षी शाळा आणि दवाखानेही पैसे मागतातच, आमदारांनी कोणाला नाही म्हणायचे? मुद्दा खरा आहे. पण न उडालेल्या छपराची बातमी कधी छापून येत नाही, ही त्या योजनेची खरी अडचण. तिला मुदतवाढ हवी होती ती नेमकी कोणी मागत नव्हते तेव्हा.

मधली 13 वर्षे गेली. घरांचा विमा लोकांना परवडेना, तेव्हा 2022 च्या मे महिन्यात विधिमंडळाने योजना पुन्हा उभी केली. मालकाच्या 1 डॉलरला राज्याचे 2, कमाल 10,000 पर्यंत. गरीब घराला स्वतःचा वाटा माफ. ‘इयन’ वादळ त्या किनाऱ्यावर आले ते 28 सप्टेंबर 2022 रोजी. कायदा होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.