सरव्याची मूठ

सातवीत असताना मी चित्रस्पर्धेसाठी रोपलावणीचं चित्र काढलं होतं. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू, डोक्यावर इरलं आणि चिखलावर अलगद ठेवल्यासारखी दोन गोरी पावलं, जोडव्यांसकट. चंदगडच्या आमच्या घरात सगळ्यांनी वाखाणलं. आत्ती तेवढी उंबऱ्यात उभी राहून न्याहाळत होती.

"ही बाई रोप लावालीया, का पडलेला पैसा हुडकालीया?"

मग परड्यातलं मूठभर गवत डाव्या हातात धरून ती अंगणात वाकली. अंगठ्यानं तीन-चार काड्या सोडवायच्या, उजव्या हाताच्या बोटांनी चिखलात खोवायच्या आणि मागं सरायचं. मागं! माझी बाई तर लावलेलं रोप तुडवत पुढं निघाली होती. "आनि पाय कशाला दिसत्यात? पाय चिखलात असत्यात." इरल्याखाली वाकलेल्या बाईचं तोंड दिसत नाही, हेही तिनंच सांगितलं. कुंकू गेलं. बक्षीसही गेलं, ते जाऊ द्या.

पुढे कोल्हापुरात चित्रकला शिकायला गेलो. चित्रकार धुरंधरही मूळ कोल्हापूरचेच, जन्म १८६७. १९२० साली आलेल्या ऑटो रॉथफेल्डच्या 'वीमेन ऑफ इंडिया' या पुस्तकातली नाना जातीधंद्यांच्या बायकांची चित्रं त्यांची. नेसणं, दागिने, उभं राहण्याची ढब. सगळं कसं अचूक. मी ती वेड्यासारखी गिरवली. पण गिरवताना आत्तीचा प्रश्न आडवा यायचा: हिच्या कंबरेत कळ कुठं आहे?

ती कळ मला फ्रेंच चित्रकार मिलेच्या १८५७च्या चित्रात दिसली. कापणी झालेल्या शेतात तीन बायका, दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांना बघून बड्या लोकांना धास्ती वाटली होती म्हणे. दिवाळीला त्याची छापील प्रत मी घरी नेली.

"सरवा वेचालेत," आत्ती लगेच म्हणाली.

वर्गात आम्ही या चित्राला इंग्रजी नावानंच ओळखायचो. लहानपणी ती स्वतः दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडून राहिलेली कणसं, वेचायला जायची, हे मला त्या दिवशी कळलं. डावीकडच्या बाईनं वेचलेल्या काड्यांची मूठ पाठीमागं धरलीय, त्यावर तिनं बोट ठेवलं. "हिला ठावं हाय. म्होरं धरली की हात अडतोय." मग लांबवर, गंजींच्या पलीकडं, घोड्यावर बसलेला ठिपक्याएवढा माणूस. मी इतके दिवस तो पाहिलाच नव्हता.

"ह्यो कोण?"

"मुकादम असावा."

"असतोयच."

कॉलेजात मॉडेल म्हणून बसणाऱ्याला तासावर पैसे मिळायचे. आत्तीला मी एक छदाम दिला नाही. खूप वर्षांनी रोपलावणीचं मोठं तैलचित्र केलं, तेव्हा तिला आधी दाखवलं. मोतीबिंदूमुळे तिनं अगदी जवळ जाऊन पाहिलं, खालच्या कडेपाशी.

"पाय कुठायत?"

"चिखलात."

"हां," म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.