खिशातला पेचकस

आमचे दुकान नागपुरात, इतवारीतल्या लोहाओळीत आहे. आजोबांनी ते सुरू केले, बाबांनी वाढवले आणि गेली बत्तीस वर्षे मी गादीवर बसतो आहे. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, कुलुपे, पाने, पकडी, नळाच्या तोट्या असा आमचा लोखंडी संसार. तरीही काही वस्तू आमच्याकडे कधीच मिळाल्या नाहीत. सुरी-चाकू नाही, कोयता नाही, कुऱ्हाड नाही, उंदराचा सापळा नाही, पिकावर फवारायचे विष नाही. गिऱ्हाईकाने मागितले, तर आजोबा शांतपणे म्हणत, "ते आपल्याकडे नसते." शेजारच्या दुकानाकडे बोटसुद्धा दाखवत नसत.

बाबांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाला लागून एक टेस्टर असे. आत निऑनचा बारीक दिवा, पिवळसर पारदर्शक मूठ आणि खाली चपट्या पेचकसाचे टोक. नागपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतात. पाणी आणि वीज एकाच पत्र्याच्या पेटीत नांदू लागतात. कूलरला हात लावण्याआधी पत्र्याला टेस्टर लावायचा आणि पाणी भरताना प्लग काढून ठेवायचा, हा बाबांचा दंडक होता. ते गेल्यावर तो टेस्टर माझ्या खिशात आला. लोखंडाच्या व्यापाऱ्याला खिशात याहून अधिक काही लागत नाही, अशी माझी समजूत होती. ती गेल्या चैत्रात रामटेकला मोडली.

आईला घेऊन आम्ही शांतिनाथ जिनालयात दर्शनाला गेलो होतो. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. रोज शास्त्राचे एक पान स्वतः वाचल्याशिवाय अन्न घ्यायचे नाही, असा तिचा नियम आहे. दर्शन झाले, ती स्वाध्यायाला बसली, पोथी उघडली आणि चष्म्याची एक दांडी तिच्या हातात आली. बिजागरीचा स्क्रू निसटला होता. तो सतरंजीच्या काठाशी सापडला, मोहरीच्या दाण्याएवढा. माझ्या खिशात टेस्टर होता, गाडीत मोठा पेचकस होता. दोघांचीही टोके त्या स्क्रूच्या खाचेत मावेनात. सेफ्टी पिनेने प्रयत्न केला, ती वाकली. मी म्हणालो, "आई, मी वाचून दाखवतो." ती म्हणाली, "नियम ऐकण्याचा नाही रे, वाचण्याचा आहे."

दुपार सरत चालली होती. सूर्यास्तानंतर ती पाणीही घेत नाही, म्हणजे त्या उन्हात तिला पूर्ण उपवास घडणार हे उघड होते. अखेर दर्शनाला आलेल्या एका कुटुंबातल्या तरुणाने किल्ल्यांच्या जुडग्यातून बोटाएवढे एक साधन काढले, त्यातले सुईसारखे टोक उघडले आणि अर्ध्या मिनिटात दांडी बसवून दिली. आईने पान वाचले, मग ताट घेतले. परतताना मुलगा गाडी चालवता चालवता म्हणाला, "बाबा, तीन पिढ्या लोखंड विकतो आपण, आणि आजीचा चष्मा दुसऱ्याने नीट केला." तो हसत बोलला, पण मला ते लागले.

आठवड्याभरात त्याने घडीच्या बहुउपयोगी साधनांचे पाच-सहा नमुने मागवले आणि रात्री दुकान बंद करून आम्ही ते गादीवर मांडले. हेतू दोन होते. एक माझ्या खिशासाठी निवडायचे होते, आणि दुसरे दुकानासाठी. एका गिऱ्हाईक कंपनीला दिवाळीत भेट देण्यासाठी दोनशे नग हवे होते. आमच्या दुकानाला ती लहान मागणी नव्हती.

नमुने पाहताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, यातल्या जवळजवळ प्रत्येकात पाते होते, आणि बहुतेकांत तेच सर्वांत मोठे होते. याला इतिहास आहे. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावच्या कार्ल एल्सनर या कारागिराने १८९१ मध्ये स्विस सैन्याला घडीचे चाकू पुरवायला सुरुवात केली. पाते, डबा उघडण्याचे साधन, भोक पाडण्याची टोचणी आणि पेचकस अशी त्या चाकूची चार अंगे होती. पेचकस कशासाठी? सैनिकाला आपली नवी बंदूक खोलून साफ करता यावी म्हणून. पुढे १८९७ मध्ये त्याच कारागिराने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यात मद्याच्या बाटलीचे बूच काढणारा मळसूत्री आकडा आला. आज या घराण्याच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या अनेक चाकूंत चष्म्याचा इवलासा पेचकस असतो, आणि तो बसवलेला असतो नेमका त्या बूच काढायच्या आकड्याच्या वेटोळ्यात! आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझा चष्मा बसवायला दारूचे सामान खिशात बाळगायचे का?"

पकडीभोवती रचलेली दुसरी जात आली अमेरिकेतून. टिम लेदरमन हा तरुण १९७५ मध्ये पत्नीसह जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत होता. गाडी वारंवार बिघडे, मुक्कामाच्या ठिकाणी नळ गळत, आणि खिशातला चाकू त्या कामांना पुरा पडत नसे. चाकूला पकड जोडली तर, या विचारावर त्याने आठ वर्षे घालवली आणि १९८३ मध्ये त्याचे साधन बाजारात आले. त्या जातीचे आजचे मोठे नमुने पाव किलोच्या आसपास भरतात. सदऱ्याच्या खिशात ते ठेवले की खिसा ओघळतो आणि वाकले की साधन खाली पडते.

सैनिकाची गरज सैनिकाच्या चाकूत उतरली, प्रवाशाची गरज प्रवाशाच्या पकडीत. मग आपली गरज कोणती? हे ठरवायला मी आपल्या व्यापाऱ्यांचाच मार्ग धरला. एक छोटी वही केली आणि महिनाभर खिशातल्या साधनाची गरज पडली की तारीख घालून नोंद केली. महिनाअखेर चाळीस नोंदी झाल्या. फुलीच्या खाचेचा स्क्रू चौदा वेळा, टेस्टर नऊ वेळा, चपट्या खाचेचा स्क्रू सात वेळा, चष्मा आणि नातीची खेळणी मिळून अगदी बारीक टोक चार वेळा, सुतळी किंवा पार्सलची चिकटपट्टी कापणे चार वेळा, आणि पक्कड दोन वेळा, तीही दुकानातच, जिथे हाताशी पन्नास पकडी आहेत. कापण्याच्या चारही वेळा लहान कात्रीने काम भागले. पात्यावाचून अडले असे एकदाही झाले नाही.

या वहीने निवड बरीच सोपी केली. फुलीचा स्क्रू अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात बाजारात आणला. मोटारींच्या कारखान्यात यंत्राने स्क्रू पिळताना टोक आपोआप मध्यावर बसावे, हा त्याचा गुण. जोर वाढला की टोक वर सरकते आणि खाच झिजते, हा त्याचा दोष. म्हणून टोकाचा क्रमांक जुळायलाच हवा. दाराच्या बिजागरीला आणि फर्निचरला साधारणपणे दोन क्रमांकाचे टोक लागते, लहान वस्तूंना एक क्रमांकाचे, रिमोट आणि खेळण्यांना शून्य क्रमांकाचे. दोन क्रमांकाच्या खाचेत एक क्रमांकाचे टोक घातले की स्क्रू हलत नाही, खाच मात्र गोल होते. असे खराब झालेले स्क्रू घेऊन येणारे गिऱ्हाईक आम्ही रोज पाहतो.

घडीच्या पेचकसात आणखी तीन गोष्टी तपासाव्यात. उघडल्यावर टोक जागच्या जागी पक्के बसते का? नाही बसले, तर जोर देताना ते मिटते आणि बोट चेमटते. दांडी किती लांब आहे? आखूड दांडी खोल खाचेतल्या स्क्रूपर्यंत पोहोचतच नाही. आणि खिळीवर अंगे हलतात का? नव्या साधनातच हलत असतील, तर वर्षभरात ते खुळखुळा होईल. टोकाचे पोलाद कच्चे असेल, तर पहिल्याच घट्ट स्क्रूवर ते मुरगळते. म्हणून विकत घेण्याआधी दुकानदाराला एक जुना, घट्ट स्क्रू मागून फिरवून पाहावा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. आणि टेस्टरचे टोक घट्ट स्क्रूवर कधीही पिळू नये. ते परीक्षेसाठी आहे. मूठ तडकली की त्यावर विसंबणे धोक्याचे.

मुलाला हे सारे पटले, पण दोनशे नगांचा प्रश्न उरलाच. कंपनीला पात्याचाच नमुना आवडला होता. मी म्हणालो, "आपल्या दुकानात चाकू विकत नाहीत." तो चिडला नाही, तो रत्नकरंडक श्रावकाचार घेऊन आला. आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतल्या हिंसादानाचा श्लोक त्याने काढला. हिंसेची साधने दुसऱ्याला देणे ते हिंसादान. "बाबा, या यादीत तलवार आहे, परशू आहे, विस्तव आहे, आणि जमीन खणायचे हत्यारही आहे. कुदळ-फावडे तर आपण आजोबांच्या काळापासून विकतो. मग रेघ नेमकी कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे, तर हा प्रश्न मी बत्तीस वर्षे स्वतःला विचारलाच नव्हता. वडिलोपार्जित नियम वडिलोपार्जित तिजोरीसारखा वापरत होतो, आत काय आहे ते न पाहता.

आई आत शेंगा सोलत होती. ती तिथूनच म्हणाली, "अनर्थ म्हणजे काय रे? ज्याला प्रयोजन नाही ते. विळीला प्रयोजन आहे, म्हणून ती माझ्या स्वयंपाकघरात आहे. पण मी विळी पिशवीत घालून मंदिरात जाते का? शेतकरी कुदळ घेतो ती शेतासाठी, हे तुम्हाला ठाऊक असते. त्यातही जीव मरतात, त्याचा दोष नाही असे मी म्हणत नाही. पण ज्याला कामच नाही, असे पाते दोनशे माणसांच्या खिशात तुम्ही कशासाठी घालता?"

त्या रात्री मी वही पुन्हा उघडली. चाळीस नोंदींत पात्याचे प्रयोजन शून्य होते. वस्तूची निवड आणि व्रताची कसोटी एकाच पानावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. आजोबांची रेघ काटेकोर नसेल, पण ती प्रयोजन विचारून ओढलेली होती. आम्ही ते विचारणे सोडले होते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही कंपनीला बिनपात्याचा नमुना दाखवला. त्यांना तो पसंत पडला नाही. मागणी दुसऱ्या दुकानात गेली. मुलगा दोन दिवस फारसे बोलला नाही, आणि मीही त्याला समजावत बसलो नाही. नुकसान खरे होते. व्रताने नुकसान होत नाही असे सांगणे सोपे असते, पण जमाखर्चात ते लिहावे लागतेच.

चार दिवसांनी त्याने मला एक बातमी वाचून दाखवली. मे २०२४ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनीच सांगितले होते की, चाकू बाळगण्यावर अनेक देशांत निर्बंध वाढत असल्याने कंपनी पाते नसलेली खिशातली साधने तयार करत आहे. त्यामागे अहिंसाव्रत नाही, व्यापार आहे, हे मला कळते. तरी सैनिकाच्या चाकूपासून सुरू झालेले घराणे सव्वाशे वर्षांनी विचारते आहे की, पात्याशिवाय आपण काय देऊ शकतो, हे ऐकून बरे वाटले.

मुलाने मग स्वतःच एक लहान कापडी पाकीट जुळवले. त्यात एक टेस्टर, दोन क्रमांकाची फुली आणि चपटे टोक असलेला उलटसुलट बसणारा आखूड पेचकस, चष्म्याचा बारीक पेचकस, बोथट टोकाची छोटी कात्री, आणि चष्म्याचे दोन सुटे स्क्रू. पहिल्या महिन्यात सतरा पाकिटे गेली. दोनशेंच्या जागी सतरा. पण घेणाऱ्या प्रत्येकाला ते कशासाठी हवे, हे त्याने विचारून घेतले.

आपल्यापैकी कोणी असे साधन घेणार असेल, तर माझे सांगणे एवढेच: आधी महिनाभर वही ठेवा. जाहिरातीतली एकवीस कामे मोजण्यापेक्षा आपल्या घरातले स्क्रू मोजा. विमानाने जायचे असेल, तर पाते नसले तरी पेचकस हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या सामानात द्या. नाहीतर तपासणीत तो सोडून यावा लागेल. आणि घरात कोणी वृद्ध वाचणारे असेल, तर चष्म्याचा पेचकस आधी घ्या, बाकी सारे मागाहून.

आता दर रविवारी सकाळी आई चष्मा माझ्यापुढे ठेवते. स्क्रू सैल झालेला नसतो, तरी मी पाव वेढा फिरवून पाहतो. मग ती पोथी उघडते.