मिरी

बकरीला सड दोनच असतात. करडं दोन झाली तर कुणाचं अडत नाही. तीन झाली की दोन दांडगी दोन्ही सड धरून बसतात आणि तिसरं मधे घुसायला पाहतं, ढकललं जातं, पुन्हा उठतं. दोन दिवस असं चाललं की तिसऱ्याचं उठणं थांबतं. आमच्या कबरीला पौषात तिळं झालं तेव्हा तिसरी ही होती. काळी कुळकुळीत, हाताच्या ओंजळीत मावणारी. तिचं नाव मायनं तिथंच ठेवलं, मिरी.

अण्णांनी तिला फडक्यात गुंडाळून किराणा दुकानात नेलं. साखरेच्या तराजूवर ती एक किलो आणि वर जेमतेम शंभर ग्रॅम भरली. आमच्याकडच्या गावरान करडाचं जन्मवजन दोन ते अडीच किलो असतं. तिचे दोन्ही भाऊ दोन किलोच्या वर होते. शेजारची आजी दारातूनच म्हणाली, "हाई काय जगस व माय!" त्यात दुष्टपणा नव्हता. तिनं आयुष्यभर बकऱ्या सांभाळल्या होत्या आणि अशी कितीतरी करडं सकाळी ताठ झालेली पाहिली होती.

ती एवढीशी का झाली, हे पुढे धुळ्याच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी नीट सांगितलं. बकरी साधारण 150 दिवस गाभण असते आणि पोटातल्या करडाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. नेमक्या त्या दिवसांत कबरीला आमच्याकडे कडब्याची कुट्टी आणि बांधावरचा वाळका पाला, एवढंच होतं. त्यात पोटात तीन जीव, म्हणजे चाऱ्याला जागाच कमी. त्या काळात तिला रोज थोडा भरडा मिळायला हवा होता. मायनं हे ऐकलं आणि त्यानंतर आमच्या घरची कुठलीही गाभण बकरी शेवटच्या दीड महिन्यात खुराकावाचून राहिली नाही.

पण ते पुढचं. त्या रात्री प्रश्न थंडीचा होता. धुळ्याचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, पौषातली थंडी बाहेरच्यांना माहीत नसते. कृषी महाविद्यालयात पारा 5 अंशांच्या आसपास आल्याच्या बातम्या अशाच दिवसांत छापून येतात. लहान जिवाचं अंग लवकर निवतं, कारण वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त असते आणि ऊब त्या कातडीतून निघून जाते. मायनं मिरीच्या तोंडात बोट घातलं. आतून तोंड गार होतं. आजी म्हणाली, गूळ घालून कोमट दूध पाज. मायनं पाजलं नाही. अंग गार असताना पोटात घातलेलं दूध पचत नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं की अनुभवानं कळलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. तिनं आधी पऱ्हाट्यांचा जाळ केला, मिरीला कोरडं पुसलं, गोणपाटात बसवलं, उशाला गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवली. तोंड आतून उबदार लागल्यावर मग कबरीचा चीक काढून आणला.

चिकाचं महत्त्व गावात सगळेच बोलतात, पण ते कशामुळे, हे फार थोडे सांगतात. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातून रोगाशी लढायची शक्ती पोटात असतानाच मिळते. करडाला ती मिळत नाही. ते अगदी कोरं जन्मतं आणि ती सगळी शक्ती त्याला चिकातून घ्यावी लागते. ती शक्ती आत घेणारी आतड्याची दारं जन्मल्यानंतर काही तास सताड उघडी असतात, मग मिटायला लागतात आणि एका दिवसात बंद होतात. म्हणून पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका तरी चीक पोटात गेला पाहिजे. मिरीच्या बाबतीत हा हिशेब 110 मिलीचा. सुई काढलेल्या सिरिंजनं, जिभेवर थोडा थोडा सोडत, मायनं तो रात्रभरात पुरा केला. आंबोण ठेवायच्या खोलीत त्या रात्री ती झोपली नाही, आणि मीही तिच्या मांडीला टेकून जागीच होते.

सकाळी मिरी उभी राहिली. पाय लटपटत होते, पण उभी राहिली.

इथून पुढे खरी परीक्षा होती. ती मिरीची जितकी, तितकीच घरातल्या सगळ्यांच्या हातांची. आपल्या घरात माया खाऊ घालून दाखवतात. पाहुणा उठायला लागला की अजून एक भाकरी वाढायची, लेकरू बारीक दिसलं की तुपाचा हात सैल सोडायचा. मिरीला पाहायला जो येई तो काहीतरी घेऊन येई. कुणी बिस्कीट, कुणी बशीत चहा, कुणी दुधात कुस्करलेली भाकरी. आणि माय दारात उभी राहून प्रत्येकाला परत पाठवत होती. लोकांना राग येई. पण अशक्त करडू उपासानं मरतं तसंच एका वेळी पोटभर पाजल्यानंही मरतं. पोटात दूध साचतं, नासतं, हगवण लागते, आणि एवढ्याशा अंगातलं पाणी एका दिवसात संपतं. दिवसभराचं दूध वजनाच्या दहाव्या ते सातव्या हिश्श्याइतकं, आणि तेही पाच-सहा वेळा वाटून. मिरीला दर खेपेला पाच चहाचे चमचे. ती आणखी मागायची, बोटं चोखायची, ओरडायची. तिच्या ओरडण्यापुढे हात आवरून धरणं हे मी माझ्या आयुष्यात पाहिलेल्या मायेच्या फार मोठ्या कामांपैकी एक मानते.

बाटली धरायचीही रीत होती. बाटली वर आणि करडाची मान ताणलेली, आईच्या सडाला ते जसं लागतं तशी. मान ताणून चोखलं की पोटात जाणाऱ्या वाटेवर एक नळी आपोआप जुळते आणि दूध कोठीपोट चुकवून थेट चौथ्या पोटात, म्हणजे पचायच्या जागी जातं. ताटलीत ओतून घाईघाईनं पाजलेलं दूध कोठीपोटात सांडतं आणि तिथं आंबतं. दोन आठवड्यांनी मिरीनं सुबाभळीच्या कोवळ्या पाल्याला तोंड लावलं तेव्हा माय फार आनंदली. पाला पोटात गेला की कोठीपोट जागं होतं, रवंथ सुरू होतो. दूध कितीही पाजा, पाल्यावाचून ते पोट वाढत नाही. पूर्ण कामाला लागायला त्याला दोन महिने लागतात.

अण्णांनी धान्याच्या बाजारातून जुना ताणकाटा आणला आणि निंबाच्या फांदीला टांगला. कापडी झोळीत मिरीला बसवून दर आठवड्याला वजन, आणि वजन लिहायची वही माझ्याकडे. त्या वहीमुळे एक गोष्ट कळली. डोळ्यांनी पाहणारा माणूस रोज पाहतो म्हणून त्याला काहीच कळत नाही. पोट फुगलेलं असलं की करडू भरलेलं वाटतं, केस वाढले की गुटगुटीत वाटतं. काटा तसं बोलत नाही. महिना झाला तेव्हा मिरी तीन किलोच्या जवळ होती. मग चारवर आली आणि तिथंच अडली. पुढच्या आठवड्यात उलट थोडी उतरली. खेळत होती, खात होती, पण लेंड्या मऊ व्हायला लागल्या होत्या आणि एक दिवस त्यात रक्ताचा धागा दिसला.

लेंड्यांचा नमुना घेऊन अण्णा धुळ्याला गेले. सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडिया निघाले, ज्याला आपण रक्ती हगवण म्हणतो ती. महिना-दोन महिन्यांच्या करडांचा हा हमखास रोग, आणि अशक्त करडाची वाढ तो कायमची खुंटवू शकतो. औषध मिळालं. पण डॉक्टरांनी औषधाइतकाच जोर जमिनीवर दिला. करडं ज्या भांड्यात खातात त्यात पाय घालतात, तिथंच लेंड्या टाकतात, आणि तेच पोटात जातं. मग आम्ही गव्हाण उंच केली, फक्त डोकं आत जाईल अशी. खालची माती काढून कोरडा मुरूम टाकला, चुना भुरभुरला. दोन आठवड्यांनी काटा पुन्हा सरकायला लागला.

आमच्या भागात एक मोह ठायी ठायी असतो, तो सरकीच्या ढेपेचा. कापसाचा मुलूख, जिनिंग जवळ, म्हशीला तीच, बैलाला तीच. ढेप खाऊन जनावर चमकतं, त्यामुळे करडालाही चार तुकडे टाकले जातात. पण सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. मोठ्या जनावराचं कोठीपोट ते बरंचसं बांधून ठेवतं. करडाचं कोठीपोट तयारच नसतं, त्यामुळे ते त्याच्या काळजाला बाधतं. मिरीसाठी मायनं मक्याचा भरडा, शेंगदाण्याची ढेप, गव्हाचा कोंडा, चिमूटभर मीठ आणि खनिज मिश्रण एकत्र केलं, तेही मूठभर. भरडा जास्त झाला तरी पोट आंबतं.

चैत्र उजाडला आणि गावात हिरवं पान उरलं नाही. चोपड्याहून मामाची गाडी केळी घेऊन धुळ्याला यायची आणि रिकामी जायची. माय आणि मामा फोनवर बोलले आणि मिरी, कबरी, दोघींची रवानगी अमळनेरवरून तापीपार चोपड्याला झाली. मामा म्हणाला, "ताई, इथं बागेत गारवा आहे, पाल्याला काय तोटा?" जळगाव जिल्ह्याचा उन्हाळा 44-45 अंशांवर जातो, पण पाणी चालू असलेल्या केळीच्या बागेत भर दुपारीही अंगाला शीतळ लागतं. मिरीला केळीचं पान फार आवडलं. मात्र मायनं मामीला बजावून सांगितलं होतं की केळीवर ठेवू नका. केळीच्या खोडात दहातले नऊ भाग पाणीच, आणि पानानं पोट भरतं तेवढं अंग भरत नाही. मामीनं बांधावरची शेवरी आणि भुईमुगाचा वाळवलेला पाला मुख्य ठेवला, बाभळीच्या शेंगा संध्याकाळी, आणि केळीचं पान चवीपुरतं. सुबाभूळ मामाकडे भरपूर होती, पण तीही एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे दिली नाही. तिच्यात एक द्रव्य असतं, त्यानं जास्त खाणाऱ्या जनावराचे केस गळतात. मामी वजन मोजून फोनवर सांगायची आणि मी वहीत लिहायची. तीन महिन्यांची असताना लागणारी पीपीआर रोगावरची लस तिथंच टोचली गेली.

पावसाळ्यात मिरी परत आली ती तेरा किलोची. भाऊ तेव्हा कधीच विकले गेले होते, तिच्या दीडपट होऊन. भाद्रपदात तिचं वजन पुन्हा घसरलं. त्या सुमारास साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन आमच्या शिवारात आले होते. त्यांच्यातला एक म्हातारा आमच्या ओट्यावर पाणी प्यायला बसला. त्यानं मिरीकडे पाहिलं, तिला जवळ ओढलं, खालची पापणी अंगठ्यानं उलटवली आणि म्हणाला, हिच्या पोटात रक्त पिणारा जंत आहे. पापणी लाल हवी, ती पांढुरकी होती. पुढे कृषीच्या पुस्तकात मी वाचलं की दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी 1990 च्या दशकात याच गोष्टीचं एक कार्ड तयार केलं, पापणीच्या पाच रंगछटांचं. कुठल्या जनावराला जंताचं औषध द्यायचं आणि कुठल्याला नाही, ते त्यावरून ठरवतात. सगळ्यांनाच सतत औषध दिलं तर जंत औषधाला दाद देईनासे होतात. त्या म्हाताऱ्याकडे कार्ड नव्हतं, पण पाचही छटा त्याच्या डोळ्यांत होत्या. असा एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त पितो. हजार जंत असले की रोजचं 50 मिली. बारा किलोच्या जनावराच्या अंगात रक्त असतं तरी किती? डॉक्टरांकडून वजनावर मोजून औषध आणलं. वहीचा तेव्हा फार उपयोग झाला, कारण अंदाजानं कमी दिलेलं औषध निम्मे जंत जिवंत ठेवतं.

वर्षाची झाली आणि लोक विचारायला लागले, अजून बोकड का दाखवत नाही? बरोबरीच्या पाठी गाभण होत्या. माय म्हणाली, वीस किलो झाल्याशिवाय नाही. पूर्ण वाढलेल्या बकरीच्या साधारण दोन-तृतीयांश वजन झाल्यावर गाभण राहिली तर ती स्वतःही वाढते आणि करडालाही वाढवते. त्याआधी राहिली तर दोघंही खुरटी राहतात, आणि मिरीच्या पोटी पुन्हा किलोभराचं करडू यायचं. अण्णांना पैशांची निकड होती. एका व्यापाऱ्यानं बरा भाव सांगितला होता. तरी त्यांनी मायचा शब्द मोडला नाही. पुढच्या वैशाखात काट्यानं एकवीसचा आकडा दाखवला, आणि मगच.

आश्विनात मिरीला एकच पाठ झाली, सव्वादोन किलोची. आजी बघायला आली, मिरीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "तुन्ही मिरी मोठी व्हयनी व!"

मिरी कधी फार थोर झाली नाही. अठ्ठावीस किलोच्या पुढे ती गेली नाही. कबरी चौतीसची होती. पण तिचं दूध आटत नसे, करडं जगत, आणि कुठल्याही बाजाराला तिला मायनं दावं लावलं नाही. दात झिजेपर्यंत ती आमच्याकडेच राहिली. शेवटची दोन वर्षं तिला भरडा भिजवून द्यावा लागे. तिच्या लेकींपैकी एक चोपड्याला मामाकडे आहे, तिच्या नाती आमच्या अंगणात. मागच्या पौषात त्यातल्या एकीला तिळं झालं. मायनं मला पुण्याला फोन केला आणि पहिलं वाक्य वजनाचंच सांगितलं: दोन दोन किलोचे, आणि एक दीडची. मी विचारलं, चीक किती पाजलास? ती म्हणाली, "दीडशे झालाय. आता झोपू दे तिला."