आतल्या गल्लीने

सेवानिवृत्तीनंतर पुणे सोडून मी मुलाकडे बंगळूरला राहावयास आलो, तो मुख्यतः हवेच्या लोभाने. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या नगरीची हवा म्हणजे पेन्शनरांचे वैभव, असे आमच्या पिढीने ऐकलेले! म्हणून माझ्या सात वर्षांच्या नातीला रात्री खोकल्याची उबळ येऊ लागली आणि तिच्या छातीतून शिटीसारखा आवाज निघू लागला, तेव्हा मी सारा दोष आइस्क्रीमला दिला.

डॉक्टरांनी दम्याचे निदान केले. इन्हेलर लिहून दिला आणि मग विचारले, "शाळेला कोणत्या वाटेने जाता?"

प्रश्न मला विचित्र वाटला. मी तिला रोज मोठ्या रस्त्याच्या कडेने नेत असे आणि तिच्या नाकावर माझा स्वच्छ रुमाल बांधीत असे. या खबरदारीचा मला थोडा अभिमानही होता. तो डॉक्टरांनी उतरविला. श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. चिकट कफात अडकलेली धूळ ते अखंड घशाकडे लोटीत असतात. जाड धुळीपुरता हा पहारा पुरतो. परंतु वाहनांच्या धुरातील अडीच मायक्रॉनांहून लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक, हा पहारा चुकवून फुप्फुसात खोलवर जातात आणि वाटेत नलिकांना सूज आणतात. रुमालाच्या विणीतून ते सहज पार होतात. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क त्यांतील बहुतेकांना अडवितो खरा, पण लहान मूल तो किती वेळ सहन करणार?

राहता राहिली वाट. याच शहरातील बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी १९७९ ते १९९९ या काळात रुग्णालयातील २०,००० मुलांची पाहणी केली, तीत दम्याचे प्रमाण ९ टक्क्यांवरून २९.५ टक्क्यांवर गेलेले दिसले. मला अधिक बोलकी वाटली ती त्यांची शाळांतील पाहणी. विरळ रहदारीच्या भागातील शाळांत ११.१५ टक्के मुलांना दमा होता. दाट रहदारीच्या भागात १९.३४ टक्के, आणि तशाच भागातील गरीब घरांच्या मुलांत ३१.१४ टक्के. शहर एकच, आकाश एकच!

पण खरी कसोटी घरातच होती. डॉक्टरांनी उदबत्तीविषयी विचारले, तेव्हा मी क्षणभर गप्प राहिलो. पन्नास वर्षे सकाळ-संध्याकाळ लावीत आलेली उदबत्ती, तीही नातीच्या बिछान्यापासून चार हातांवर. तिच्या सुगंधी धुरातही तेच बारीक कण असतात, हे बुद्धीला पटले. हाताला पटावयास महिना लागला. सूनबाई काही बोलल्या नाहीत. एका रात्री उबळीने नात उठून बसली आणि दुसऱ्या दिवशी मी पुडा शेजाऱ्यांना देऊन टाकला.

आता आम्ही आतल्या गल्लीने जातो. दहा मिनिटे अधिक लागतात. शाळेची घंटा दोनदा चुकली. खोकला कमी आहे, गेलेला नाही. इन्हेलर नियमाने चालू आहे. त्या वाटेवर एका कुंपणाशी जास्वंद फुललेली असते, आणि देवासाठी घरमालकिणीकडे दोन फुले मागण्याचे काम नातीने आपल्याकडे घेतले आहे.