फाटकावरची तांबडी रेघ

2005 च्या महापुरात पाणी आमच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलं होतं. तेव्हा कुणीतरी खांबावर तांबड्या रंगाची रेघ मारून ठेवली. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीतल्या त्या दवाखान्याची कॅज्युअल्टी माझ्याकडे होती आणि मी त्या रेघेवर विसंबले.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोक्याची. नदीने 45 ओलांडली तेव्हा वॉर्डातले मामा म्हणाले, "मॅडम, कोयनेतनं पाणी सोडलंया. सिलिंडर वर न्यायचे का?" मी म्हणाले, "मामा, रेघेच्या वर पाणी कधी आलंय का?" पाऊस महाबळेश्वर-पाटणकडे पडतो, कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते आणि मग ते पाणी आमच्याकडे येतं. ते वाटेत असतं तेवढाच वेळ आमच्या हाती असतो. तो मी घालवला.

संध्याकाळी 10 खाटांच्या कॅज्युअल्टीत चाळीसेक माणसं होती. निम्म्यांना काहीच आजार नव्हता, घरात पाणी शिरलं म्हणून आलेली. त्यांना दारातूनच वरच्या हॉलमध्ये पाठवायला हवं होतं. मी मात्र रांगेने सगळ्यांचे केसपेपर काढत बसले. कोपऱ्यातल्या बाकावर दम्याचे एक आजोबा होते, सून पदराने वारा घालत होती. त्यांचे निळे पडलेले ओठ मला दिसले तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता.

रात्री पाणी रेघेवरून आत आलं. तळमजल्यावरचा जनरेटर बुडाला, लिफ्ट बंद. जम्बो सिलिंडर चौघांनी मोबाईलच्या उजेडात जिन्यावरून चढवला, पायरी-पायरीला थांबत. तोवर मी आजोबांना अंबू बॅगने श्वास देत होते. सकाळी त्यांना बोटीतून बाहेर काढून मिरजेला हलवलं. चौथ्या दिवशी ते गेले. त्या पुरात नदी 57 फुटांच्या वर चढली होती.

सून नंतर भेटली. "लई केलंसा तुमी," म्हणाली. तो पाऊण तास मी तिला सांगितला नाही.

जुलै 2021 मध्ये नदी पुन्हा 50 फुटांपुढे गेली. त्या वेळी पुलाजवळ 35 फूट होताच डायलिसिसचे रुग्ण आम्ही मिरजेला पाठवले. सिलिंडर आधीच पहिल्या मजल्यावर होते. दारात एक सिस्टर फक्त कोण आजारी, कोण आसऱ्याला आलेलं, एवढंच बघत उभी होती.

नदीकाठच्या गावात तुमचा दवाखाना असेल, तर जनरेटर कोणत्या मजल्यावर आहे ते पाऊस लागण्याआधी बघून या.